बागेचा सातवा नियम

"पलक, आटप! एक मिनिट अठरा... एकोणीस... पाय उचल ना यार!"

मानस बागेच्या फाटकापाशी मोबाइलचं घड्याळ धरून उभा होता. उभा कसला, नाचत होता! पलकने दुसरी फेरी संपवली आणि न थांबता ती वळली. बागेच्या कडेचा पायरस्ता बरोबर दोनशे मीटरचा. चार फेऱ्या म्हणजे आठशे मीटर. रविवारी स्टेडियमवर क्रीडा अकादमीची निवड चाचणी होती आणि आज होता गुरुवार. पलकला अजून तीन सेकंद कमी करायचे होते. निवड झाली, तर वसतिगृह, चांगले बूट आणि शिकवायला खरा प्रशिक्षक मिळणार होता. नाही झाली, तर पुन्हा एक वर्ष वाट बघायची.

"शाब्बास! आता तिसरी!" संबोधी ओरडली. तिचा धाकटा भाऊ संघदीप पाण्याची बाटली घेऊन पुढे धावला.

एवढ्यात शिट्टी वाजली. बागेचा चौकीदार विक्रम पायरस्त्यावर दोन्ही हात पसरून उभा राहिला. पलक त्याच्यावर आदळता आदळता वाचली.

"विक्रमभिया, काय करून राहिले? माझा टाइम खोटी झाला ना!"

"दौड़ना मना है," विक्रम म्हणाला. "बोर्डवर लिहिलंय. आजपासून एकदम सख्ती आहे. आणि तुझं कार्ड दाखव."

"कार्ड? बागेला कार्ड?"

मानसने गुपचूप खिशातून एक निळं कार्ड काढलं. "मला सकाळी नानांनी दिलं. मला वाटलं, क्रिकेटचं काहीतरी असेल."

"आमच्या घरीपण आलंय," संघदीप म्हणाला. "फ्लॅटवाल्यांच्या मुलांना एकेक."

पलककडे कार्ड नव्हतं. ती कॉलनीच्या मागच्या गल्लीत राहायची. तिची आई सुगनबाई कॉलनीतल्या तीन घरांत स्वयंपाक करायची. मूळचे ते बेटमा गावाकडचे, घरात माळवी बोलणारे. पण या तिघांच्या संगतीत पलकचं मराठी चांगलं पळायला लागलं होतं, तिच्या पायांसारखंच.

बोर्ड तसा दहा दिवसांपूर्वीच लागला होता. स्वच्छतेचं सर्वेक्षण आलं की इंदूरमध्ये झाडांच्या बुंध्यांपासून पाट्यांपर्यंत सगळ्याला रंग लागतो. त्या घाईत हाही बोर्ड आला आणि मुलांपैकी कुणी तो वाचलाही नाही. आज चौघांनी पहिल्यांदा नीट वाचला. प्रवेश फक्त कार्डधारकांना. टोपी अनिवार्य. अंगाला तेल लावून येऊ नये. दौड़ना मना. खाना-पीना मना. एका तासापेक्षा जास्त थांबू नये. असे सहा नियम होते आणि त्यांच्याखाली मेंदीचं कुंपण सुरू होत होतं.

"टोपी? बागेत?" संबोधीने डोळे वटारले. "आणि तेल कशाला नको?"

तेवढ्यात सकाळचे फिरणारे आले. काय तो देखावा! एका काकांनी मे महिन्यात माकडटोपी चढवली होती. दुसरे चक्क लग्नातला फेटा बांधून आले होते. आणि सगळ्यांच्या पुढे होते मानसचे आजोबा, बागसमितीचे अध्यक्ष नानासाहेब. त्यांच्या डोक्यावर मानसची क्रिकेटची टोपी होती.

"नाना, माझी टोपी!"

"नियम म्हणजे नियम!" नानासाहेब कडाडले. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते आणि आवाज बहुधा तिथूनच आला होता. "टोपीने ऊन लागत नाही. तेलाने बाकांना डाग पडतात. मुलं पळाली की म्हाताऱ्यांना धक्का लागतो. विचार करूनच केलेले नियम आहेत हे."

"पण नानासाहेब, रविवारी पलकची चाचणी आहे," संबोधी म्हणाली. "फक्त तीन दिवस..."

"कार्ड आहे का तिच्याकडे? नाही ना? मग झालं!"

पलकने पाठ फिरवली. ती फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याच्या कडेने पळायला लागली. तिघं तिच्यामागे धावले. विजय नगरचा रस्ता तो! मोटारी, स्कूटरी, सिटी बस, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या आधी पोचायचं. एका मोटारीचा आरसा पलकच्या कोपराला लागला आणि ती धाडकन पडली.

गुडघा सोलून निघाला होता, कोपरातून रक्त येत होतं. दुसऱ्या घरच्या कामाला निघालेल्या सुगनबाईने ते पाहिलं आणि हातातली पिशवी तिथेच टाकली.

"बस! सड़क पे दौड़ना बंद!" तिने पदराने रक्त पुसलं. "और टरायल भी बंद! माझी पोरगी मला पाहिजे, मेडल नको."

पलक तोपर्यंत रडली नव्हती. हे ऐकून रडली.

---

संबोधीचे आजोबा चांगदेव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. महूमध्ये वाढलेला माणूस. पहाटे पाचला दाढी, सहाला चहा. सुट्टीत त्यांच्या घरी एक कडक शिस्त होती. रोज सकाळी संविधानातलं एक कलम वाचायचं, मग पोहे. कलम समजलं नाही, तर पोहे गार होईपर्यंत चर्चा! संघदीपला त्यामुळे बरीच कलमं पाठ होती आणि गार पोह्यांचीही सवय झाली होती.

"आजोबा, हा अन्याय आहे!" संबोधी घरात शिरताच ओरडली. "कलम पंधरा! सार्वजनिक जागेत भेदभाव करता येत नाही!"

"नीट वाच," आजोबा शांतपणे म्हणाले.

संघदीपने पुस्तक काढलं. "धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान..." तो थांबला. "ताई, 'आई काय काम करते' असं यात नाही गं."

"मग काय, सुटले ते?" मानसने कपाळावर हात मारला.

"एक पान मागे जा," आजोबा म्हणाले.

"चौदा. कायद्यापुढे सगळे समान."

"हां. बाग नगर निगमची आहे, समिती फक्त देखभाल करते. मनाला येईल तशी माणसांची वाटणी तिला करता येत नाही. पण आधी तपास करा. कुठलाही नियम समोर आला की विचारायचं, हा कोणी केला? कशासाठी केला? सगळ्यांना सारखा आहे का? उत्तर मिळेपर्यंत ओरडायचं नाही."

"माहितीचा अधिकार वापरू! अर्ज करू!" संघदीप उत्साहाने म्हणाला.

"उत्तराला तीस दिवस मिळतात त्यांना."

"तीस! रविवारला तीनच राहिलेत!" संबोधी येरझारा घालायला लागली. तिला बसवत नव्हतं.

"समितीची ठराववही आमच्या घरी आहे," मानस एकदम कुजबुजला. "दुपारी नाना घोरायला लागले की मी हळूच..."

"चोरून कशाला?" आजोबा म्हणाले. "ठराव सगळ्यांसाठी असतात. माग की सरळ!"

मानसने सरळ मागितली. "घे, घे," नानासाहेब खूश होऊन म्हणाले. "चार ओळी वाच, अक्षर तरी सुधारेल."

चौघांनी वही पहिल्या पानापासून चाळली. टोपीचा ठराव नव्हता. तेलाचा नव्हता. पळण्याचाही नव्हता! एका ठिकाणी फक्त एवढंच लिहिलं होतं, 'सर्वेक्षणापूर्वी बोर्ड नव्याने रंगवून घ्यावा, मजकूर जुनाच ठेवावा.' आणि गेल्या शुक्रवारच्या पानावर होतं, 'बोर्डावर कार्डाचा उल्लेख असल्याने कार्डे छापून घ्यावीत.'

"म्हणजे बोर्डावर आहे म्हणून कार्डं छापली," संबोधी सावकाश म्हणाली, "पण बोर्डावर कोणी लिहायला सांगितलं?"

"कुणीच नाही," पलक म्हणाली. तिच्या गुडघ्याला पट्टी होती. "गजब आहे यार! हा नियम कुणी केलाच नाही, आणि सगळे पाळून राहिले!"

मोठ्या माणसांचं असंच असतं. छापील अक्षर दिसलं की डोकं खुंटीला टांगून मोकळी होतात आणि वर कारणंही स्वतःच शोधून देतात.

---

बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'अशोक आर्ट, पाटनीपुरा' असं लिहिलेलं होतं. फोन कुणी उचलेना. शुक्रवारी दुपारी आजोबांना सांगून, 'दर तासाला फोन करू' असं कबूल करून चौघं तीन सायकलींवर निघाले. पलक मानसच्या मागे बसली होती आणि सारखं म्हणत होती, "जोरात मार ना! याच्यापेक्षा तर मी पायी लवकर पोचले असते."

"मग उतर आणि पळ!"

"आईने मनाई केली आहे ना!"

अशोक पेंटर शिडीवर चढून एका दुकानाची पाटी रंगवत होता. मुलांचं ऐकून तो घाईघाईने खाली उतरला.

"तीन दिवसांत चाळीस बोर्ड केले भिया मी. सर्वेक्षण होतं ना! प्रत्येक जण म्हणे, मेरा पहले. जेवायला वेळ नव्हता." त्याने मोबाइलमधले फोटो सरकवले. "तुमची बाग... हा बघा तुमचा. 'यह उद्यान सबके लिए खुला है.' बरोबर आहे की!"

"हा आमच्याकडे नाहीच आहे," संघदीप म्हणाला. "आमच्याकडे टोपीवाला आहे."

"टोपीवाला?" अशोक पेंटरने पुढचा फोटो काढला आणि त्याचा चेहरा पडला. "अरे बाप रे! हा तर खजरान्याच्या बाजूच्या जलतरंग क्लबचा. स्विमिंग पूलचा बोर्ड आहे हा! दोन्ही एकाच मापाचे. लावताना पोरांनी अदलाबदल केली."

सगळा उलगडा झाला. पोहताना टोपी लागते. तेल लावलं की पाणी खराब होतं. ओल्या फरशीवर पळलं की पाय घसरतो. पूलसाठी सगळे नियम शहाणे होते. बागेत येऊन ते वेडे झाले होते!

"पूर्ण वाचा तरी," पेंटर म्हणाला आणि त्याने फोटो मोठा केला. "एकंदर सात नियम आहेत."

"सात? आमच्याकडे सहाच दिसतात."

"सातवा खाली आहे. मेंदीत दडला असेल."

सातवा नियम वाचून चौघं इतके हसले, की मानस रंगाच्या डब्यावर बसला. डबा उघडा होता. त्याची चड्डी मागून हिरवीगार झाली.

"आज शुक्रवार," संबोधीने डोळे पुसत म्हटलं. "सहा वाजता समितीची बैठक आहे. अशोकभिया, आमचा बोर्ड आत्ताच्या आत्ता परत पाहिजे!"

सायकली दुकानात ठेवून मुलं पेंटरच्या लोडिंग रिक्षात चढली. शिड्या आणि डब्यांच्या मध्ये बसून, धक्के खात ते खजरान्याला पोचले. क्लबच्या फाटकावर त्यांचा बोर्ड दिमाखात उभा होता, 'सबके लिए खुला है, सुबह पाँच से रात नौ, फूल न तोड़ें.' आत तोबा गर्दी होती. जवळच्या मंदिराकडून आलेली अख्खी कुटुंबं पाण्यात पाय सोडून बसली होती.

"दस दिन से पब्लिक घुसी जा रही है!" मॅनेजर रडकुंडीला आला होता. "रोकलं तर म्हणतात, बोर्ड पढ़ लो. मी पण विचार करून राहिलो, मालकाने धर्मार्थ केला काय!"

त्याने स्वतःच्या हातांनी बोर्ड उतरवून दिला. वाटेत एक चाक पंक्चर झालं. संबोधी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती. सव्वापाच. साडेपाच. शेवटी पावणेसहाला रिक्षा कॉलनीच्या कोपऱ्यावर आली.

"भिया, इथेच थांबा," ती म्हणाली. "हाक मारली की या."

---

गुलमोहराखाली समिती बसली होती, टोप्या घालून. चांगदेव आजोबाही एका कडेला बसले होते. पलक फाटकाबाहेरच थांबली. कार्ड कुठे होतं तिच्याकडे!

"नानासाहेब, एक विचारू?" संबोधी अगदी गोड आवाजात म्हणाली. "बोर्डावरचे सगळे नियम पाळायचे ना? एकही गाळायचा नाही?"

"एकही नाही! आवडेल तो पाळायचा आणि नावडेल तो सोडायचा, हे माझ्या बागेत चालायचं नाही."

"आणि सगळ्यांना सारखे?"

"सगळ्यांना! मलासुद्धा!"

"मग ठराववहीत लिहाल? म्हणजे वाद नको."

नानासाहेबांनी ऐटीत लिहिलं, 'बोर्डावरील सर्व नियम सर्वांना लागू.' खाली लांबलचक सही ठोकली.

संघदीप माळीकाकांची कात्री घेऊन तयारच होता. कचकच, कचकच! मेंदीच्या फांद्या खाली पडल्या आणि त्याने खणखणीत आवाजात वाचलं, "नियम क्रमांक सात. स्विमिंग कॉस्ट्यूम के बिना प्रवेश वर्जित!"

नानासाहेबांनी वाकून बोर्ड पुन्हा वाचला.

"नानासाहेब," संबोधी म्हणाली, "सही तुमची आहे."

माकडटोपीवाले काका आधी हसले. मग फेटेवाले हसले. मग अख्खी बाग हसायला लागली. विक्रम तर तोंडात शिट्टी धरून हसत होता आणि ती आपोआप वाजत होती. मानसने हाक मारली. अशोक पेंटरने खरा बोर्ड आणून गुलमोहराला टेकवला आणि हात जोडून सगळी कहाणी सांगितली. नानासाहेब लालबुंद झाले. पण शेवटी त्यांनाही हसू आवरेना.

मुलांना वाटलं, जिंकलो!

तोच समितीतले शामकाका घसा साफ करून म्हणाले, "चला, टोपी गेली, तेल गेलं. पण मी म्हणतो, कार्ड राहू द्या. तो नियम चुकून का होईना, चांगला आला आहे. बाहेरची मुलं येतात, गोंधळ घालतात."

दोन-तीन डोकी हलली. हो, कार्ड राहू द्या. छापून झालीच आहेत.

हे मुलांनी हिशेबात धरलंच नव्हतं. बोर्डाची चूक सापडली, आणि तरी नियम जागचा हलत नव्हता!

"बाग निगमची आहे!" संघदीप पुढे आला. "कलम चौदा..."

"आम्हाला कायदा शिकवू नकोस, बाळ."

"तर मग मी बोलते."

पलक फाटकातून आत आली होती. विक्रमने तिला अडवलं नाही. ती लंगडत गुलमोहरापर्यंत आली.

"माझी आई सकाळी सहाला नानासाहेबांच्या स्वयंपाकघरात येते. शामकाका, तुमच्या घरी आठला. तिला तिथे कार्ड कुणी विचारत नाही. आणि मी बागेत आले की कार्ड?" तिने फाटकाकडे बोट दाखवलं. "मी फूल नाही तोडत. कुणाला धक्का नाही मारत. फक्त पळते. काल इथून काढलं म्हणून रस्त्यावर पळाले आणि मोटार लागली. नियम करा ना! खुशाल करा. पण मला पण विचारून करा. मी पण इथेच राहून राहिले."

शामकाका जमिनीकडे बघायला लागले. नानासाहेबांनी तिच्या गुडघ्यावरची पट्टी बहुधा आत्ताच पाहिली. त्यांनी टोपी काढली आणि ते उभे राहिले.

"पलक," ते म्हणाले, "चूक पेंटरची नाही. बोर्ड त्याने बदलला, पण कार्डं मी छापली. चुकलं माझं."

मानस आ वासून बघत राहिला. तेरा वर्षांत त्याने नानांच्या तोंडून 'चुकलं माझं' कधीच ऐकलं नव्हतं.

संध्याकाळच्या कामावरून परतणारी सुगनबाई कुंपणाबाहेर थबकली होती. नानासाहेब स्वतः फाटकापर्यंत गेले. "सुगनबाई, आत या. बसा. नियम नव्याने करायचे आहेत, तुम्हीही सांगा काय पाहिजे ते."

सुगनबाई अवघडून बाकाच्या टोकाला बसली. तिने पदर सावरला. मग म्हणाली, "पीछे के दो लाइट बंद आहेत, महिन्याभरापासून. पोरींना अंधारात यायला डर लागते. नियम नंतर करा. पहले लाइट."

"लिहा!" चांगदेव आजोबा म्हणाले. "आजच्या बैठकीतला सगळ्यात कामाचा ठराव."

मग विक्रमला विचारलं, माळीकाकांना विचारलं, मुलांना विचारलं. चालणाऱ्यांनी आतल्या वाटेने चालायचं, पळणाऱ्यांनी कडेच्या वाटेने पळायचं. कार्ड रद्द. प्रत्येक नियमापुढे त्याचं कारण लिहायचं. मुलं ओरडतात, हे मात्र शामकाकांनी लिहूनच घेतलं, आणि तेही खोटं नव्हतं. म्हणून सकाळी सातच्या आधी आरडाओरडा बंद असं ठरलं. मानसने सगळ्यात जोरात ओरडून त्याला पाठिंबा दिला.

"आता पळशील?" नानासाहेबांनी पलकला विचारलं. "घड्याळ मी धरतो."

पलकने आईकडे पाहिलं.

"पाय दुखला तर थांबायचं," सुगनबाई म्हणाली. "और रविवारला मी पण येणार."

रविवारी स्टेडियमवर नानासाहेबांचा आवाज भोंग्याच्याही वर लागत होता. अकादमी आठ मुली घेणार होती. पहिली फेरी पलक मागेच होती आणि संबोधीने नखं खाऊन संपवली. मग वळणावर पलकने पाय उचलले. एक मुलगी मागे पडली, मग दुसरी. जाळीच्या अलीकडून सुगनबाई तिच्याबरोबर पळत होती, एका हातात चपला घेऊन. यादी लागली तेव्हा पलकचं नाव सहावं होतं.

"सहावी! मेरी छोरी सहावी!" सुगनबाई दिसेल त्याला सांगत सुटली.

चांगदेव आजोबा कौतुकाला फार महाग. त्यांनी चौघांना ओळीत उभं केलं, प्रत्येकाच्या पाठीवर एकेक थाप मारली आणि म्हणाले, "शाबास! पहिल्या दिवशी नुसते ओरडला असतात, तर कुणी ऐकलं नसतं. शोधून काढलंत, म्हणून ऐकावं लागलं."

"मी पुढच्या शुक्रवारी ठराव मांडणार आहे," नानासाहेब म्हणाले. "मुलांना विचारल्याशिवाय मुलांसाठी नियम करायचा नाही. तुम्ही चौघं बैठकीला यायचं. आणि हे बघा, काय प्रश्न विचारायचे असतील ते मला आधी घरी येऊन विचारा. सही करण्याआधी!"

"चालेल," पलक म्हणाली. "पण सकाळी सातनंतर येऊ."

आणि सगळे हसत हसत पोहे खायला निघाले.